तारवातला नववा माणूस

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मध्येमध्ये थांबावं लागणार नाही. माझ्या भाचीचं ठरत आलेलं लग्न मी एका दुपारच्या चहात जवळजवळ मोडलं होतं. कशावरून? मानपानावरून? छे! पत्रिकेवरून? तेही नाही. उंटांच्या मागे लपलेल्या एका माणसावरून!

थांबा, नीट सांगतो.

मी मूळचा साताऱ्याकडचा. हवाई दलात विमानांची इंजिनं उघडायची आणि परत बंद करायची, हे माझं आयुष्यभराचं काम. शेवटचं पोस्टिंग चंडीगडला आलं. माझी भाची मृणाल इथंच सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ व्हायला शिकते. रविवारी आमच्याकडे जेवायला येते आणि जाताना चार दिवसांची चटणी घेऊन जाते. एका रविवारी आमटी वाढून घेता घेता ती म्हणाली, "मामा, मी लग्न ठरवलंय."

माझी बायको शोभा पळी हातात धरून तशीच उभी राहिली. "कुणाशी गं?"

"समीर साळवे. आमच्याच कॉलेजात आहे. हाडांचा डॉक्टर."

साळवे मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. समीरचे वडील नोकरीला इकडे आले आणि इकडचेच झाले. मुलगा गुणी आहे. मराठी सगळं समजतं त्याला, फक्त बोलायला लागला की हिंदीत घसरतो. पहिल्यांदा घरी आला तेव्हा मला म्हणाला, "मामाजी, मी मृणालला पक्का खुश ठेवेन, टेन्शन नका घेऊ." मी म्हटलं, टेन्शन कसलं? मुलगा चपला काढून रांगेत ठेवतो, अजून काय पाहिजे?

साताऱ्याला माझ्या बहिणीने दोन दिवस डोळ्याला पदर लावला, तिसऱ्या दिवशी समीरचा फोटो मागवला आणि चौथ्या दिवशी मला फोन केला. "दादा, आमची तयारी आहे. पण त्यांच्याकडची आजी मोठी कडक आहे म्हणे. तू तिथे आहेस, तू जाऊन बोल. तुला जमतं."

मला जमतं! बघा, माझ्याबद्दल हा गैरसमज माझ्या सख्ख्या बहिणीने पसरवला.

समीरची आजी म्हणजे सुलोचनाबाई. नगरला मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रन होत्या. साळव्यांच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी समीरला सांगितलं होतं, "मुलगी हिंदू आहे, माझी हरकत नाही. पण तिच्या माणसांना आपल्याबद्दल काही माहिती आहे का? की नाताळचा केक आला की खायचा, एवढंच?"

मृणालने हे मला सांगितलं आणि वर म्हणाली, "मामा, तू फक्त चहा पी आणि गप्प बस. प्लीज."

आता तुम्हीच सांगा, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आणि मामा गप्प बसेल? मी ठरवलं, जाण्याआधी त्यांचं शास्त्र वाचून जायचं. इंजिन उघडण्याआधी मॅन्युअल वाचायचं, हा माझा नियम. छापील शब्दावर माझा पूर्ण विश्वास. तो नसता तर बरीच विमानं हवेत गेली नसती.

सेक्टर सतरामध्ये जुन्या पुस्तकांचा एक ठेला असतो. तिथल्या सरदारजींना म्हटलं, "बाइबल पर कोई किताब है? आसान वाली?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "किसके लिए?"

"लड़की वालों की तरफ़ से हूँ."

त्यांना काय समजलं देव जाणे, पण त्यांनी वाकून दोन पुस्तकं काढली. "ये ले जाओ जी. बाइबल की लेडीज़ वाली है. पूरी सीरीज़ है. एक बार बैठोगे तो उठोगे नहीं."

इंग्रजी पुस्तकं होती. एकाच्या कव्हरवर जहाज, जहाजावर केस मोकळे सोडलेली बाई, आणि तिच्या कमरेत हात घातलेला एक उघडा, धिप्पाड गडी. मागून एक जिराफ डोकावून बघत होता. मी म्हटलं, उष्ण देशातली गोष्ट आहे, शर्ट कुठून असणार? शिवाय आत उघडून बघितलं तर प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर बायबलचं एक वचन, अध्याय आणि ओवी क्रमांकासकट! माझी खात्री पटली. वर नियम, खाली सविस्तर स्पष्टीकरण. आमची मॅन्युअलं अशीच असतात.

धर्माचं पुस्तक म्हणून मी दोन्हींना खाकी कव्हर घातलं आणि देवघराच्या फळीवर ठेवलं.

पहिलं पुस्तक नोहाच्या धाकट्या सुनेचं. नोहा म्हणजे तोच, ज्याने जलप्रलयाच्या आधी मोठं तारू बांधलं आणि सगळे प्राणी जोडीजोडीने आत घेतले. तर त्याच्या या सुनेचं नाव नेरा. हिचं लग्न झालं नोहाच्या मुलाशी, पण जीव जडला होता तारवाला डांबर फासणाऱ्या कारागिरावर. काय तो कारागीर! पाऊस सुरू झाला, दरवाजा बंद झाला आणि हा पठ्ठ्या तळमजल्यावर उंटांच्या मागे लपून राहिला. डांबर फासण्याचं वर्णन इतकं बिनचूक होतं की मी दोन ठिकाणी पेन्सिलीने बरोबरची खूण केली. बाकीची वर्णनंही बिनचूक असावीत.

शोभा एकदा चहा घेऊन आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. "अहो, पोथी वाचताना कान का लाल होतायत तुमचे?"

"भक्तिभाव आहे," मी म्हटलं. तो तसा होताही.

दुसरं पुस्तक पेत्राच्या सासूचं. पेत्र म्हणजे येशूचा शिष्य. त्याच्या सासूला ताप आला होता आणि येशूने तो उतरवला, एवढं वचन वरती. खाली सगळं स्पष्टीकरण. ते तर विचारूच नका.

चहाचा दिवस आला. साळवे चंडीगडबाहेर मुल्लानपूरला नव्या वसाहतीत राहतात. एका बाजूला गव्हाचं शेत, दुसऱ्या बाजूला अर्धी बांधलेली इमारत, मध्ये ह्यांचं घर. आत गेलो तर सुलोचनाबाई पांढऱ्या साडीत ताठ बसलेल्या. शेजारी समीरचे आईवडील, समोर समीर आणि मृणाल, दोघंही वायवा द्यायला आल्यासारखी. शोभाने रव्याचे लाडू पुढे केले. आजींनी एक उचलला, फोडला, खाल्ला आणि "वळायला जमलेत," असं प्रमाणपत्र दिलं. इथपर्यंत सगळं उत्तम.

मग त्या मला म्हणाल्या, "मामा, तुमचं वाचन बरंच आहे म्हणे."

मी कप खाली ठेवला. मृणालने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, जागा कमी आहे.

"सध्या तुमचंच शास्त्र वाचतोय, आजी," मी म्हटलं.

खोलीतली हवाच बदलली हो! समीरच्या वडिलांनी खुर्ची पुढे ओढली. आजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "असं? काय आवडलं त्यात?"

"नोहाची धाकटी सून. काय बाई होती! माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

"धाकटी सून..." आजी विचारात पडल्या. "तिचं काय आवडलं तुम्हाला?"

"तिचा त्याग! डांबरवाल्यावर एवढा जीव, पण घराण्याचा मान राखला. तो बिचारा उंटांच्या मागे अंधारात, ही वरच्या मजल्यावर, आणि मध्ये सगळे हत्ती!"

समीरला ठसका लागला. त्याच्या आईने त्याच्या पाठीवर थापटलं आणि माझ्याकडे बघत थापटतच राहिली.

"मामा," आजी शांतपणे म्हणाल्या, "तारवात आठच माणसं होती. नोहा, त्याची बायको, तीन मुलं आणि तीन सुना."

आता खरं म्हणजे इथे माणसाने थांबावं. पण मला काय वाटलं माहितीये? मला वाटलं, या माझी परीक्षा घेतायत! वसतिगृहाच्या मेट्रन त्या, मुद्दाम चुकीचं सांगून बघत असतील, याने खरंच वाचलंय का.

मी बोट नाचवत म्हटलं, "वरच्या मजल्यावर आठ, आजी! नववा खाली होता."

"शास्त्रात कुठे आहे हे?"

"सतराव्या प्रकरणात. पाऊस थांबायच्या आधी."

आजींनी लाडूचा उरलेला अर्धा भाग बशीत ठेवला. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मला वाटलं, सगळे भारावले. म्हणून मी दुसऱ्या पुस्तकाचा विषय काढला.

"आणि पेत्राच्या सासूबाई! तो ताप साधा नव्हता, आजी."

"मग?"

"विरहाचा होता. मासे खारवणारा एक होता ना गावात..."

"मामा!" मृणाल उभी राहिली. "आपल्याला निघायला हवं. माझी ड्यूटी आहे."

तिची ड्यूटी नव्हती. मी तिला तसं म्हटलंही, सगळ्यांसमोर.

परत येताना गाडीत मी खुशीत होतो. शोभाला म्हटलं, "आजी कशा गप्प झाल्या बघितलंस? एवढं सखोल त्यांच्याशी कुणी बोललंच नसेल." मागच्या सीटवर मृणाल खिडकीबाहेर बघत होती. तिनेही बायबल वाचलेलं नव्हतं, त्यामुळे नेमकं काय बिघडलं ते तिलाही कळेना. बिघडलंय एवढं मात्र तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली ती डोळे लाल करूनच.

"मामा, तू कुठल्या पंथाचा आहेस?"

"पंथ? मी? अगं, आपण साधे गणपती बसवणारे लोक!"

"समीरची आजी म्हणते, तुमचे मामा कुठल्यातरी नव्या पंथात गेलेत. नवव्या माणसाला मानणारा पंथ आहे. त्यांचं बायबलसुद्धा वेगळं आहे. मुलगी चांगली आहे, पण पंथवाल्यांच्या घरात सोयरीक नको, म्हणे!"

आणि हे घरातच राहिलं असतं तर ठीक. समीरच्या वडिलांनी शेजाऱ्यांना विचारलं, असा काही पंथ ऐकलाय का. शेजाऱ्यांनी त्यांच्या मेव्हण्याला विचारलं. मेव्हणा म्हणाला, हो हो, ऐकलाय, ते लोक उंट पाळतात! दोन दिवसांत प्रकरण चर्चच्या पास्टरजींपर्यंत गेलं. त्यांचा मला फोन आला. आवाज मध लावल्यासारखा गोड. "मामाजी, संडे को प्रेयर के बाद आ जाओ जी. आपसे थोड़ी बातें करनी हैं. और वो अपनी किताब भी लेते आना."

मी फोन ठेवला आणि शोभाला म्हटलं, "बघ, भाषणाला बोलावलंय. गैरसमज आपोआप दूर होतील."

होय. भाषणाला. मी तसंच समजलो. निळा सूट इस्त्रीला दिला.

रविवारी शोभाला घेऊन चर्चच्या मागच्या खोलीत गेलो, तर श्रोते फक्त साळवे कुटुंब, पास्टरजी आणि आमची मृणाल. पास्टरजी उंच, गोरे, पंजाबी, दाढी नीट कापलेली. त्यांनी मला पाणी दिलं. खुर्ची दिली. माझ्याशी असे वागत होते की जणू मी गच्चीच्या कठड्यावर उभा आहे आणि मला हळूच खाली उतरवायचंय.

"मामाजी, ये नौवां बंदा... ये आपको दिखता भी है क्या?"

"दिखता है मतलब? साफ़ लिखा है!"

"किताब दिखाओ जी ज़रा."

"देवघर से लाया हूँ," म्हणत मी पिशवीतून पुस्तकं काढून दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरली. त्यांनीही ती दोन्ही हातांनी घेतली. मग त्यांनी खाकी कागद उलगडला.

आधी जिराफ दिसला. मग जहाज. मग तो.

पास्टरजींनी पुस्तक पटकन उलटं केलं. मागच्या बाजूला काय लिहिलं होतं ते त्यांनी मनात वाचलं, एकदा डोळे मिटले, आणि ते समीरच्या हातात दिलं. समीरने वाचलं. त्याचे खांदे हलायला लागले. ते पुस्तक मृणालकडे गेलं. तिने मोठ्याने वाचलं, "नॉव्हेल. हिस्टॉरिकल रोमान्स." आणि माझ्याकडे बघितलं. "मामा! अरे मामा! ही कादंबरी आहे!"

आता काय सांगू तुम्हाला, त्या वेळी मला खरोखर त्या डांबरवाल्यासारखे उंट हवे होते. दोन-चार तरी. लपायला.

"पण वर वचनं आहेत," मी पुटपुटलो. "अध्यायासकट."

"वचन असली है जी," पास्टरजी म्हणाले. "नीचे का सामान लेखिका जी का है."

सगळे हसत होते, फक्त सुलोचनाबाई हसत नव्हत्या. त्यांनी चष्मा लावला. "आणा इकडे." पुस्तक उघडलं. एक पान वाचलं. उलटलं. दुसरं वाचलं. मृणालने समीरचा हात धरला तो सगळ्यांनी बघितला.

"हे देवघरात ठेवलं होतं तुम्ही?" आजींनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत शोभा म्हणाली, "रोज आंघोळ करून वाचत होते हो. उदबत्ती लावून. चुकून पाय लागला तर नमस्कार करत होते."

आजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी सुटाची बटणं तपासली. मग त्या पास्टरजींकडे वळल्या. "परक्याचं शास्त्र समजून असलं पुस्तकसुद्धा जो माणूस आंघोळ करून वाचतो, त्याच्या घरात आपल्या खऱ्या शास्त्राचा अपमान कोण करेल?"

आणि मग त्या हसल्या. मेट्रन हसते तशा, आवाज न करता, फक्त पोट हलवत. बराच वेळ हसल्या. डोळे पुसून मला म्हणाल्या, "पण मामा, तुम्ही हवाई दलातले ना? तपासणी करणारे? मग एवढं कसं नाही सुचलं तुम्हाला? तो माणूस इतके दिवस उंटांच्या मागे होता, तर उंटांच्या मागचं झाडायला कुणीच आलं नाही? माझ्या वसतिगृहात एक मांजर लपवलं होतं पोरींनी, ते दुसऱ्या सकाळी सापडलं!"

मी म्हटलं, "आजी, माझ्या हे लक्षातच आलं नाही."

"बाईने लिहिलंय, पण तारू कधी झाडलेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. मग पुस्तकावर बोट ठेवून जरा थांबल्या. "तरी एक सांगते. लहानपणापासून वाचतेय मी. त्या सुनांना आमच्या शास्त्रात नाव नाही हो. नुसत्या 'त्याच्या मुलांच्या बायका'. मी लग्न होऊन चार जावांत आले, तेव्हा मलाही कुणी नावाने हाक मारत नसे. तेव्हा वाटायचं, या तिघी त्या पाण्यात एकमेकींशी काय बोलत असतील? हिने निदान एकीला नाव तरी दिलं."

पुस्तक त्यांनी मला परत दिलं नाही. पर्समध्ये टाकलं. मीही मागितलं नाही.

"मृणाल," त्या म्हणाल्या, "इकडे ये बाळ." आणि तिच्या गालावर हात ठेवून तिला नावाने दोनदा हाक मारली. मला वाटतं, लग्न त्या क्षणी ठरलं. माझी बहीण अजून समजते की मी जमवलं. तिला काही सांगू नका.

लग्नाची नोंदणी झाली आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये आशीर्वादाची प्रार्थना होती. मुलीकडच्या कुणीतरी शास्त्रातला एक उतारा वाचायचा असतो. आजींनी माझं नाव सुचवलं. सगळ्यांना आश्चर्य वाटलं, मला भीती वाटली. त्यांनी मराठी बायबल उघडून उताऱ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी पेन्सिलीने रेघ मारली आणि दम दिला, "इथून इथपर्यंत. स्पष्टीकरण करायचं नाही."

मी आठवडाभर सराव केला. शोभाला पाठ झाला तो उतारा. त्या दिवशी उभा राहिलो, समोर दोन्हीकडची माणसं, साताऱ्याहून आलेली बहीण पहिल्या ओळीत. आणि वाचलं. पहिल्या रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत. एक शब्द पुढे नाही, एक मागे नाही. खाली येऊन बसलो तेव्हा विमान सुखरूप उतरवल्यासारखं वाटलं.

बाहेर लॉनवर पास्टरजी माझ्याकडे चालत आले. माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि मोठ्या प्रेमाने, सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मामाजी, कमाल कर दी! आज पहली बार आपके मुँह से वो सुना, जो बाइबल में सचमुच लिखा है."